अमळनेरहून आलेला माणूस

उघड

"उघड की गं," आत्या म्हणाली. "कधीचे वाजवतायत."

कधीचे नाही. तीनदा. आधी दोनदा, मग जरा थांबून एकदा.

भुसावळच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दार वाजवायची पद्धत नव्हती. शेजारचे लोक पडदा सारून "आहे का कोणी?" म्हणायचे आणि उत्तर मिळायच्या आत स्वयंपाकघरात पोचलेले असायचे. पण त्या रविवारी आत्याने सकाळपासून दार लावून ठेवलं होतं. त्यामुळे तो आवाज कानाला परका लागला. मी न्हाऊन आले होते, केसांचं पाणी पाठीवर उतरत होतं, आणि मला ते दार उघडायचं नव्हतं. का, ते सांगता आलं नसतं.

उघडलं.

दारात चाळिशीचा माणूस. पांढरा शर्ट, कॉलरची आतली बाजू काळी. खांद्याला रेक्झिनची पिशवी. त्याच्याबरोबर एक वास आत आला, कपाटात मेलेल्या पालीवर कोणीतरी अत्तर ओतावं तसा. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून आत बघत होता.

"ढेकणांचं औषध घ्यायचं का, ताई?"

"नको," म्हणून मी दार लोटलं. पण मागून आत्याचा हात आला. माझ्या हातावरून तिने दार धरलं.

"कुठून आलात?"

"मी? अमळनेरहून."

आत्याने माझी बोटं इतकी दाबली की अंगठी रुतली.


थांब

इथे थांबून हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढे घडलं ते वेडेपणाचं वाटेल. वेडेपणाचं ते होतंच. पण त्यामागे कारण होतं.

साल १९८३. मी वैजयंता निकुंभ, वय तेवीस, बी.ए. आप्पा रेल्वेत पार्सल क्लार्क. सुमनआत्या, म्हणजे त्यांची मोठी बहीण, दोन दिवसांपूर्वी धरणगावहून, तिने आधीच बोलणी केलेलं स्थळ घेऊन आली होती. अमळनेरचे कापुरे. मुलगा पोस्टात. रविवारी चार वाजता मुलाचे मामा-मामी बघायला येणार होते. मला दाखवायची ही सहावी वेळ. हे जमलं नाही तर यावलचा बिजवर होता, त्याची दोन मुलं होती, आणि त्याचा होकार अगोदरच येऊन पडला होता.

आणि आत्याने आल्याआल्या, पाय धुवायच्याही आधी, आप्पांना सांगितलं होतं:

"पुंडलिक, कापुऱ्यांकडे एक रीत आहे. ठरलेल्या वेळेआधी ते एक माणूस गुपचूप पाठवतात. घर कसं, मुलगी एरवी कशी वावरते, ते बघायला. तो सांगत नाही कोण ते. धरणगावच्या स्थळाला त्यांचा माणूस कल्हईवाला बनून गेला होता. त्या बिचाऱ्यांनी दारातनं हाकलला. मोडलं!"

"मग ओळखायचं कसं, आक्का?"

"ओळखायचं. पण विचारायचं नाही. विचारलं की त्यांचा अपमान होतो."

आप्पांनी हे एखादं परिपत्रक वाचावं तसं ऐकून घेतलं होतं. पार्सल ऑफिसात ते नियम न वाचता सही करत नसत.


ये

"या ना, या!" आप्पा खुर्चीतून उठले. "उन्हाचे आलात."

"नाही, ते औषध..." माणूस गोंधळला. "कॉट कुठंय? कॉटच्या सांध्यात मारावं लागतं."

"कॉट बघू नंतर. आधी माणसं बघा!"

"माणसांसाठी नाही हो साहेब. ढेकणांसाठी आहे."

आप्पा हसले. आत्या पदर तोंडाला लावून हसली. "काय बाई विनोदी स्वभाव," ती आईला म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

त्याला खुर्ची दिली. हातांची ती एकुलती खुर्ची, आप्पांची. तो टोकावर बसला, पिशवी मांडीवर धरून. त्या पहिल्या पाच मिनिटांतला तो माणूस मला आजही जवळजवळ बरा वाटतो. घाबरलेला होता. चुकीच्या घरात आलोय हे त्याला कळत होतं, फक्त बाहेर कसं पडावं ते कळत नव्हतं.

आईने पोहे आणले. चार वाजतासाठी भिजवलेले, घाईने फोडणीला टाकलेले.


दे

— अमळनेरला आमच्या ओळखीचे कापुरे असतात.

— नदीकडचे? जातो ना मी त्यांच्याकडं.

— असं? (आप्पांनी आत्याकडे बघितलं.) घरोबा दिसतो.

— पार माजघरापर्यंत जातो. सगळ्या खोल्या पाठ आहेत मला त्यांच्या.

— मुलगा कसा आहे हो त्यांचा?

— पोस्टातला? चांगला आहे. पण झोप लागत नाही बिचाऱ्याला.

— लागेल, लागेल! लग्न झालं की लागेल.

— लग्नानं काय होतंय, गादी बदलायला पाहिजे.

आत्याला ठसका लागला इतकी ती हसली. "वैजू, पोहे दे अजून त्यांना."

मी वाढले. त्याने हात धुतले नव्हते. करंगळीचं नख लांब होतं आणि त्याच्या आत पांढरी पूड बसलेली होती. त्याच हाताने तो खात होता. बोटं मिटून घास दाबायचा, अंगठ्याने तोंडात ढकलायचा, मग अंगठा चोखायचा. खालच्या ओठाला कोथिंबिरीचं पान चिकटलं होतं. बोलताना ते हलायचं, पडायचं नाही. मी आईकडे बघितलं. आई त्याच्या रिकाम्या होत चाललेल्या बशीकडे बघत होती, तिसऱ्यांदा वाढायच्या तयारीत.


चाल

हे त्याने म्हटलं नाही. आप्पांनी म्हटलं.

"वैजू, जरा चालून दाखव."

"आप्पा?"

"दारापासून मोरीपर्यंत. सहज."

मी चालले. सहा पावलं तिकडे, सहा इकडे. पाचदा चालले होते आधी, पाच वेगवेगळ्या बैठकींसमोर, सवय होती. वळले तेव्हा त्याचा चेहरा समोर आला आणि मी बघितलं. त्याला कळत होतं. त्याने आप्पांकडे बघितलं, आत्याकडे, भिंतीला टेकून उभ्या आईकडे, हातातल्या बशीकडे, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे. आधी पायांकडे. मग वर.

मांडीवरची पिशवी त्याने खाली ठेवली. टाचेने हळूच मागे, खुर्चीखाली सारली. आणि पाठ टेकून नीट बसला.

"परत," तो म्हणाला.


परत

सहा पावलं. सहा पावलं.

"सावकाश. पाय ओढते का जरा?"

"नाही हो!" आत्या म्हणाली. "लाजतेय."


सोड

"केस सगळे स्वतःचेच?"

"घ्या, आत्ताच न्हालीय. वैजू, मोकळे कर."

मी केसांना गुंडाळलेला पंचा सोडला. तो उठला. माझ्या मागे येऊन उभा राहिला. दिसत नव्हता, वास येत होता. त्याने एक बट धरून ओढली, हलकी, दोरी पक्की बांधलीय का बघतात तशी.

"आहेत," तो म्हणाला, आणि जागेवर न जाता तिथेच उभा राहिला. माझ्या मानेवर त्याचा श्वास येत होता. पोह्यातल्या कच्च्या कांद्याचा.

आत्याने मान डोलावली. मुलाकडच्यांना काही पसंत पडतंय असं दिसलं की ती अशी मान डोलवायची.


हात

"हात."

त्याने मनगट धरलं. तळवा उघडला, मिटला. बोटांची पेरं एकेक दाबली. मग हात खिडकीच्या उजेडाकडे नेला.

"रंग मूळचा? का लावलंय काही?"

"मूळचा हो. आमच्याकडे पावडरसुद्धा नाही," आई म्हणाली. त्या दिवसभरात ती त्याच्याशी बोललेलं हे एकच वाक्य.

त्याने स्वतःचा अंगठा जिभेवर फिरवला. ओला केला. आणि माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूवर, शीर दिसते तिथे, घासू लागला.

हे लिहिताना मी उठून हात धुऊन आले. चाळीस वर्षं झाली.

"आप्पा," मी म्हणाले.

आप्पा समोरच्या भिंतीवरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचत होते. त्यांना ते तोंडपाठ होतं. सव्वीस वर्षांची नोकरी.

"आप्पा, बघा ना."

"हं," ते म्हणाले, पॅसेंजरच्या वेळा वाचत. "झालंच गं. दोन मिनिटं."

अंगठा फिरत राहिला. त्याला आता घाई नव्हती. तो रंग बघत नव्हता, हे मला कळत होतं, आत्याला कळत होतं की नाही माहीत नाही, आईला कळलं असावं कारण ती आत निघून गेली.

"जाता जात नाही," तो म्हणाला. "मूळचाच."


ऊठ

दार परत वाजलं. या वेळी ओळखीच्या पद्धतीने, म्हणजे न वाजता थेट उघडलं.

शेजारच्या पिंटोबाई. गाऊनवर टॉवेल टाकलेला, कपाळावर घाम.

"निकुंभ! तो ढेकूणवाला इकडं बसलाय का? ए बाबा, मी दोन्ही कॉट उन्हात काढून उभी आहे तासभर! ‘आलो, एक घर करून आलो’ म्हणालास ना तू? आणि हितं काय पोहे खात बसलायस?"



त्याने माझा हात सोडला. सावकाश सोडला. खुर्चीखालून पिशवी ओढली, खांद्याला लावली, ओठ पुसला. ते पान गेलं.

"मी पहिल्या शब्दाला सांगितलं होतं, औषधवाला आहे म्हणून," तो आप्पांना म्हणाला. आवाज शांत, थोडा दुखावलेला. "तुम्हीच ऐकलं नाही. मी एक शब्द खोटा बोललो का? सांगा."



दारात वळून तो म्हणाला, "पोरगी चांगली आहे हो. कुठंही खपेल."


धू

आत्याने मला मोरीत बसवलं आणि टाचा घासायच्या दगडाने माझं मनगट घासलं. साबण, दगड, पाणी, साबण.

"हलकट मेला. कुत्रा. हात झडेल त्याचा. हलू नकोस गं!"

"आत्या, दुखतंय."

"दुखू दे. कोणाला सांगायचं नाही, समजलं? परक्या माणसाने हात धरला म्हटलं की संपलं. पिंटोबाईला मी बघते, तिला काय कळलंय, पोहे खाल्ले एवढंच."

बाहेर आप्पा फेऱ्या मारत होते. पोलिसात देईन म्हणत होते. आरपीएफचा जाधव ओळखीचा आहे म्हणत होते. कुठे गेले नाहीत. चौथ्या की पाचव्या फेरीला मोरीच्या पडद्याबाहेर थांबले आणि पडद्याला म्हणाले, "चार वाजता नीट वाग हं वैजू. झालं ते झालं."

आईने नवे पोहे भिजवले. मला म्हणाली, "तुला यावलचं माहितीय ना? मग. तोंड उघडू नकोस."


बस

चार वाजता कापुऱ्यांचे मामा-मामी आले. खरे. त्यांनी दार दोनदा वाजवलं आणि आत्याने स्वतः उघडलं. मामांच्या अंगावर कडक इस्त्रीचा सदरा, कानात अत्तराचा फाया. हात स्वच्छ. नखं कापलेली. ते त्याच खुर्चीवर बसले, कारण दुसरी नव्हती.

पोहे खाताना त्यांचा आवाज होत नव्हता.

"मुलीला चालायला सांगता का?"

मी चालले.

"अजून एकदा. जरा सावकाश."

मामींनी वेणी हातात घेऊन बघितली, टोकापासून मुळापर्यंत, आणि मुळाशी हलकंसं ओढून. "आहेत," त्या मामांना म्हणाल्या.

आत्या मान डोलावत होती. अगदी तश्शी.

"हात बघू," मामा म्हणाले.

दिला. त्यांनी तळवा उघडला, मिटला. पेरं दाबली. मग खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं. माणूस सभ्य होता. थुंकी नाही, पाणी. मनगट खिडकीकडे नेलं आणि थांबले.

"हे लाल कशानं?"

"उन्हाचं पुरळ," आत्या म्हणाली.

"घामोळं," आई म्हणाली. दोघी एकदम.

मी आप्पांकडे बघितलं. ते वेळापत्रक वाचत होते.


ऐका

हा शब्द मी म्हटला.

"ऐका. सांगते. घामोळं नाही. सकाळी एक माणूस आला होता, ढेकणांचं औषध विकणारा. अमळनेरहून आलोय म्हणाला, तर यांना वाटलं तुमच्याकडचा. याच खुर्चीत बसवला. पोहे दिले. मला चालवलं, केस ओढून बघितले, हात धरला. रंग जातो का बघायला थुंकीने घासला. मग आत्याने दगडाने घासला. म्हणून लाल आहे."

"वैजू!"

"अहो, ती काहीतरीच... रात्री झोप नाही तिला..." आत्या म्हणाली.

मामांनी माझा हात टाकला. खरोखर टाकला, तो माझ्या मांडीवर आपटला.

"परक्या माणसानं हात लावला?"

"हो."

"आणि तुम्ही लावू दिला?"

"तुम्हाला दिला तसाच. मला विचारलं नव्हतं, आत्ताही नाही."

मामांनी रुमालाने बोटं पुसायला सुरुवात केली. आधी अंगठा. मग पहिलं बोट. प्रत्येक बोट वेगळं, पेरापेरांतून, नखांच्या कडांतून. घासताना त्यांचा वरचा ओठ थोडा उचलला गेला होता. सकाळी माझा ओठ तसाच उचलला असणार. मामींनी हातातली बशी खाली ठेवली आणि पायाने दूर सरकवली, जणू तीही मीच आहे.

"गैरसमज झाला हो आमचा," आप्पा हात जोडून पुढे आले. "आम्हाला सांगितलं होतं, तुमच्याकडून आधी एक माणूस येतो..."

"येतोच," मामा म्हणाले. रुमालाची घडी घालत होते, ओलं टोक आत. "आमचा माणूस मंगळवारीच येऊन गेला. तुमच्या दारात उभा राहून, मुलीशी बोलून गेला. म्हणून तर आज आलो. आज कोणाला पाठवायचं काय कारण?"


मोज

मंगळवारी आमच्या दारात कोण आलं होतं?

सकाळी जोशी गार्ड कुठे राहतात म्हणून विचारणारा म्हातारा. मी अंगणात धुणं वाळत घालत होते, साडी वर खोचलेली. दुपारी पाणी मागणारा, ज्याने पेला परत देताना माझ्याकडे बघून "देव भलं करो" म्हटलं. स्टोव्ह दुरुस्तीवाला. दत्ताच्या देवळाच्या वर्गणीचे दोघे.

मी सगळ्यांशी नीट बोलले होते. म्हाताऱ्याला तर कोपऱ्यापर्यंत जाऊन क्वार्टर दाखवलं होतं.

अजून कळलेलं नाही त्यातला कोण. पुढे किती वर्षं दार वाजलं की मी आधी पदर नीट करायचे, मग त्या माणसाकडे बघायचे, आणि मग माझीच मला किळस यायची की मी पदर का नीट केला.


सांग

कापुरे मंडळी गेली. आप्पा फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले, बोलत, हात जोडत. परत आले तेव्हा आत्या पाटावर बसून डोकं धरून होती.

"झालं," ती म्हणाली. "आता यावलच. पुंडलिक, उद्या पत्र टाक."

"टाका," मी म्हणाले. "ते आले की त्यांनाही सांगेन."

"काय सांगशील?"

"हेच. पाणी द्यायच्या आधी सांगेन."

"बाई गं, वेड लागलंय का तुला? मग कोण करून घेईल?"

"पत्रातच लिहा हवं तर. त्यांचं येणं वाचेल."

आई रडायला लागली. आत्या तिसऱ्या दिवशी धरणगावला परत गेली, माझ्याशी न बोलता. पत्र टाकलं गेलं नाही. त्यानंतर दीड वर्ष आमच्याकडे बघायला कोणी आलं नाही, आणि तेवढ्यात मी बी.एड. करून चोपड्याच्या शाळेत लागले. हे सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी, दिवे लागले तेव्हा, मी ओट्यापाशी बशा विसळत होते. दोन वेळच्या बशा, सकाळच्या आणि दुपारच्या, एकमेकांत मिसळलेल्या. कोणती कोणाची ते ओळखता येत नव्हतं म्हणून मी सगळ्याच राखेने दोनदा घासत होते. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"वैजू," ते म्हणाले. "मी बघत नव्हतो गं. मला बघवत नव्हतं."

"माहितीय आप्पा," मी म्हणाले. "मी तुमच्याकडेच बघत होते."